तो काय म्हणाला, हे इंग्रजीत सांगताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकाच अडचणीविषयी विचारणा आहे : दुसऱ्याचे बोलणे किंवा मनातला विचार इंग्रजीत 'दॅट' लावून सांगताना वाक्य नेमके कुठे बिघडते? म्हणून अन्य विषयांवरील प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. इंग्रजी वाक्ये नेहमीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. ती एकदा मोठ्याने वाचून पाहिल्यास लवकर उमगतील.

प्रश्न : मी एका बँकेच्या शाखेत काम करते. आमचे शाखाधिकारी मला म्हणाले, की मी उद्या फाइलवर सही करीन. मी त्याप्रमाणे मुख्य कार्यालयाला ईमेल पाठवला : 'द मॅनेजर सेड दॅट आय विल साइन द फाइल टुमारो.' त्यावर, सही करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, अशी मलाच विचारणा झाली. वाक्य व्याकरणाने तर बरोबर वाटते. मग चूक कोणती?
— एक कर्मचारी, सीताबर्डी

उत्तर : वाक्य व्याकरणाने बरोबरच आहे आणि म्हणूनच ते घातक ठरले. चुकीचे वाक्य असते तर वाचणारा थबकला असता आणि त्याने आपल्याला फोन करून अर्थ विचारला असता. येथे वाचणाऱ्याला अर्थ स्पष्ट लागला. तो फक्त आपल्या मनातला अर्थ नव्हता.

मराठीत दुसऱ्याचे बोलणे आपण दोन प्रकारे सांगतो. 'साहेब म्हणाले की मी उद्या सही करीन' हा एक प्रकार, आणि 'मी उद्या सही करीन, असे साहेब म्हणाले' हा दुसरा. दोन्हींत साहेबांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे राहतात : त्यांचा 'मी', त्यांचा 'उद्या' आणि त्यांचा भविष्यकाळ. संस्कृतात बोललेले वाक्य आधी पूर्ण सांगून त्याच्या शेवटी 'इति' ठेवण्याची रीत आहे. आपले 'असे' आणि 'म्हणून' त्याच जागी उभे राहतात, आणि 'की' जरी वाक्याच्या मध्ये येत असला तरी त्याच्या पुढचे बोलणे आपण बहुधा अखंडच ठेवतो. आपल्या वैदर्भी बोलण्यातल्या 'तो म्हणे का मी येतो' या वाक्यातही हेच घडते. थोडक्यात, मराठीत सांगणारा माणूस क्षणभर मूळ बोलणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो.

इंग्रजीत 'दॅट' लावल्यानंतर ही मुभा उरत नाही. तेथे सांगणारा स्वतःची जागा सोडत नाही, आणि वाक्यातील प्रत्येक व्यक्ती, वेळ व ठिकाण त्याच्याच जागेवरून मोजले जाते. ईमेल आपण लिहिला, म्हणून त्यातील 'आय' म्हणजे आपण. साहेबांचा 'मी' आपल्या जागेवरून 'तो' ठरतो. तेव्हा वाक्य असे हवे होते : 'द मॅनेजर सेड दॅट ही वुड साइन द फाइल टुमारो.' ईमेल त्याच दिवशी गेला असेल तर 'टुमारो' तसाच ठेवावा, कारण साहेबांचा उद्या आणि आपला उद्या एकच आहे. तोच निरोप आपण आठवड्याने कळवत असाल, तर मात्र 'द नेक्स्ट डे' लिहावे लागेल. 'टुमारो' दिसला की डोळे मिटून 'द नेक्स्ट डे' करावा, असे शाळेतील तक्ते सुचवतात. परंतु तक्त्याला ईमेलची तारीख ठाऊक नसते. मराठीतील आदरार्थी अनेकवचनाच्या ओघात 'साहेब म्हणाले' याचे 'दे सेड' करणारेही आढळतात; एका व्यक्तीच्या आदरासाठी इंग्रजीत असे अनेकवचन होत नाही, तेथे 'ही' किंवा 'शी' हेच योग्य.

इंग्रजीची रीत अधिक काटेकोर आहे, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. 'भाऊ म्हणाला की मी चुकलो' या मराठी वाक्यात चूक भावाची की सांगणाऱ्याची, हे केवळ संदर्भावरून कळते, आणि इंग्रजीत ही शंका राहत नाही, हे खरे. पण 'द मॅनेजर टोल्ड द क्लार्क दॅट ही हॅड मेड अ मिस्टेक' हे वाक्य पाहा. चूक व्यवस्थापकाची की कारकुनाची? मराठीत 'मी चुकलो' किंवा 'तू चुकलास' असे मूळ शब्दच येत असल्याने प्रश्न मिटतो. इंग्रजीत दोघेही 'ही' होऊन बसतात. कार्यालयीन पत्रात असा प्रसंग आला, तर सर्वनाम टाळून पदनाम पुन्हा लिहावे. वाक्य किंचित अवघडल्यासारखे वाटेल, पण चौकशीच्या वेळी तेच उपयोगी पडेल.

प्रश्न : मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर पुढचेही भूतकाळी करावे, फक्त शाश्वत सत्य असेल तर बदलू नये, असे आम्हाला शिकवले आहे. मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांत 'सेड' नंतर सर्रास 'इज' दिसते आणि तेथे शाश्वत सत्य वगैरे काही नसते. मग नियम कोणता खरा?
— बारावीची विद्यार्थिनी, इतवारी

उत्तर : परीक्षेत शिकवलेला नियम पाळावा, त्यात गुण जाण्याचा संभव नाही. प्रत्यक्ष भाषेत मात्र 'शाश्वत सत्य' ही कसोटी फार अरुंद आहे. तेथे प्रश्न असतो तो इतकाच, की ऐकलेली गोष्ट सांगणारा स्वतःच्या वतीनेही आज खरी धरतो, की ती तेव्हाच्या बोलण्यापुरतीच ठेवतो.

मैत्रीण म्हणाली, की माझे घर त्रिमूर्तीनगरात आहे. हे 'शी सेड दॅट हर हाउस इज इन त्रिमूर्तीनगर' असेही सांगता येते आणि 'वॉज' घालूनही सांगता येते. 'इज' म्हटले की आजही ते तसेच आहे, हे आपण मान्य करतो. 'वॉज' म्हटले की ती तेव्हा जे बोलली तेवढेच आपण नोंदवतो. घर दुसरीकडे गेले, असा अर्थ त्यातून निघत नाही. याच कारणाने नागपूर स्थानकावर तासाभरापूर्वी मिळालेली माहिती घरी सांगताना 'द क्लार्क सेड दॅट द ट्रेन वॉज लेट' म्हणणे सुरक्षित असते, कारण मधल्या वेळात गाडी येऊन गेलेलीही असू शकते. उलट, जी गोष्ट सांगणाऱ्याला खोटी ठाऊक आहे तेथे वर्तमानकाळ खटकतो. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो अशी प्राचीनांची समजूत होती, हे सांगताना 'मूव्ह्ड' लिहावे, 'मूव्ह्ज' नव्हे. आणि आपल्या पाठ्यपुस्तकातील पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्या वाक्यात कोणी 'मूव्ह्ड' लिहिले, तर ते भाषेच्या दृष्टीने चूक नाही. परीक्षकाच्या दृष्टीने असू शकेल, एवढेच.

साध्या भूतकाळाचा 'हॅड' लावून पूर्ण भूतकाळ करण्याची सक्तीही शाळेत वाटते तेवढी कडक नाही. दीक्षाभूमीवर मार्गदर्शकाने सांगितले, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हे इंग्रजीत सांगताना 'द गाइड सेड दॅट डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम हिअर' एवढे पुरते, कारण तारखेनेच क्रम स्पष्ट केलेला आहे. 'हिअर' हा शब्द मात्र आपण त्या जागी उभे असतानाच शोभतो. इतवारीत परत आल्यावर तेथे 'देअर' हवा. जेथे दोन घटनांतला आधीचा-नंतरचा क्रम गोंधळात पडण्याची शक्यता आहे, तेथे 'हॅड' अवश्य वापरावा.

मुख्य क्रियापद 'सेज' किंवा 'हॅज सेड' असेल तर पुढचा काळ मागे नेण्याचे कारण नाही. 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' ही सहायक क्रियापदे आहेत तशीच राहतात. एका ठिकाणी मात्र काळ मागे नेणे आपण हमखास विसरतो. 'मला वाटले तू पुण्याला आहेस' हे वाक्य 'आय थॉट दॅट यू आर इन पुणे' असे होत नाही; 'आय थॉट यू वेअर इन पुणे' असे होते. समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण हे म्हणतो तेव्हा आपला समज चुकीचा ठरलेला असतो, आणि 'वेअर' त्या चुकीच्या समजाला मागच्या काळात ठेवतो.

प्रश्न : मी हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. 'ही सेड मी दॅट', 'ही टोल्ड दॅट', 'ही एक्सप्लेन्ड मी दॅट', 'ही सजेस्टेड मी टू गो' ही वाक्ये आमच्याकडे रोज बोलली आणि लिहिली जातात. यांपैकी चुकीची कोणती?
— एक पर्यवेक्षक, हिंगणा

उत्तर : चारही. यात आश्चर्य नाही, कारण मराठीत ऐकणाऱ्याला सरसकट 'ला' प्रत्यय लागतो : मला म्हणाला, मला सांगितले, मला समजावले, मला सुचवले. इंग्रजीत कोणते क्रियापद ऐकणाऱ्याला कसे जोडून घेते, याचा मराठीतून काहीही सुगावा लागत नाही. ते क्रियापदागणिक लक्षात ठेवावे लागते.

'टेल', 'इन्फॉर्म', 'रिमाइंड', 'अश्युअर', 'कन्व्हिन्स' यांना ऐकणारा माणूस लगेच पुढे हवा असतो, तोही 'टू' शिवाय. 'ही टोल्ड मी दॅट द मशीन हॅड स्टॉप्ड', 'आय रिमाइंडेड हिम दॅट द शिफ्ट हॅड चेंज्ड.' आपल्याकडील कार्यालयीन पत्रांत 'इट इज टू इन्फॉर्म दॅट' असे जे छापील सुरुवातीचे वाक्य असते, त्यात कोणाला कळवायचे तो माणूसच नाहीसा झालेला आहे. 'धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट' असे लिहावे. 'से', 'एक्सप्लेन', 'मेन्शन', 'अडमिट', 'कम्प्लेन', 'रिपोर्ट', 'अनाउन्स' यांच्यापुढे माणूस नसला तरी चालतो आणि आला तर 'टू' घेऊन येतो : 'ही एक्सप्लेन्ड टू मी दॅट द मशीन हॅड स्टॉप्ड.' 'प्रॉमिस' दोन्हीकडे चालते. माणूस घाला किंवा गाळा.

'सजेस्ट' हे क्रियापद सर्वांत नाठाळ आहे. तेथे माणूस 'दॅट' च्या पुढे, उपवाक्याचा कर्ता म्हणून बसतो आणि त्यापुढील क्रियापद मूळ रूपात राहते : 'ही सजेस्टेड दॅट आय सी अ डॉक्टर.' मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही येथे 'सॉ' करण्याची गरज नाही. 'शुड सी' म्हटले तरी चालते, आणि मूळ रूप ज्यांना विचित्र वाटते त्यांनी खुशाल तेच म्हणावे. 'रेकमेंड', 'डिमांड', 'इन्सिस्ट' यांच्यानंतरही सूचना किंवा मागणी असेल तर हेच रूप येते. यामुळे एक सूक्ष्म भेद साधतो. 'ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज प्रेझेंट' म्हणजे ती हजर होती, असे तो ठासून सांगत राहिला. 'ही इन्सिस्टेड दॅट शी बी प्रेझेंट' म्हणजे तिने हजर असलेच पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. एका वाक्यात झालेल्या गोष्टीचे कथन आहे आणि दुसऱ्यात व्हावयाच्या गोष्टीची मागणी आहे. 'सजेस्ट' चेही तसेच : 'द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द वॉटर लेव्हल हॅज फॉलन' येथे अहवाल काही सुचवत नसून एका निष्कर्षाकडे बोट दाखवत आहे, म्हणून तेथे मूळ रूप न येता नेहमीचा काळ येतो.

'वाँट' मात्र प्रमाण इंग्रजीत 'दॅट' स्वीकारत नाही. 'तू लवकर यावेस अशी माझी इच्छा आहे' याचे 'आय वाँट यू टू कम अर्ली' असेच होते.

प्रश्न : 'दॅट' च्या आधी स्वल्पविराम द्यावा का? आणि 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' यात नेमके काय खटकते?
— एक वाचक, सदर

उत्तर : सांगण्याच्या क्रियापदानंतर येणाऱ्या 'दॅट' आधी स्वल्पविराम देऊ नये. मराठीत 'की' च्या आधी बरेच लेखक स्वल्पविराम देतात, ती सवय तेथे नेऊ नये. दुसऱ्या वाक्यात 'दॅट' आणि 'व्हेअर' हे दोन जोडशब्द एकाच जागी भांडत आहेत. प्रश्नार्थक शब्द असला की 'दॅट' येत नाही. शिवाय आतला प्रश्न आता प्रश्न उरलेला नाही, म्हणून शब्दक्रम साध्या वाक्याचा होतो : 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' होय-नाही स्वरूपाचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'.

प्रश्न : मी नुकतीच वकिलीची उमेदवारी सुरू केली आहे. साक्षीदार मराठीत बोलतात आणि मला इंग्रजीत टिपणे करावी लागतात. 'सेड दॅट' शिवाय दुसरे क्रियापद वापरण्यास माझे वरिष्ठ फारच जपून राहण्यास सांगतात. क्रियापद बदलल्याने एवढा काय फरक पडतो?
— एक कनिष्ठ वकील, सिव्हिल लाइन्स

उत्तर : आपल्या वरिष्ठांची सावधगिरी अगदी योग्य आहे, आणि न्यायालयीन लेखनात तर या फरकावर दाव्याचे भवितव्यही अवलंबून असू शकते. सुरुवात पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांपासून करू.

'आय सॉ हिम साइन द डीड' म्हणजे सही होताना साक्षीदार तेथे हजर होता आणि त्याने ती क्रिया डोळ्यांनी पाहिली. 'आय सॉ दॅट ही हॅड साइन्ड द डीड' म्हणजे त्याने सही असलेला कागद पाहिला आणि सही त्या माणसाने केली, असे अनुमान काढले. 'दॅट' आला की डोळ्यांनी पाहिलेली क्रिया जाऊन मनाने जाणलेली गोष्ट पुढे येते. ऐकण्याच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे. 'आय हर्ड हिम थ्रेटन हर' म्हणजे धमकीचे शब्द साक्षीदाराच्या कानावर प्रत्यक्ष पडले. 'आय हर्ड दॅट ही हॅड थ्रेटन्ड हर' म्हणजे कोणीतरी येऊन त्याला तसे सांगितले. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे ऐकलेल्या गोष्टीबाबत ती स्वतः ऐकणाऱ्याचीच साक्ष असली पाहिजे, हे तत्त्व 1872 च्या साक्ष कायद्याच्या कलम 60 मध्ये होते आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. आता साक्षीदार मराठीत म्हणतो, 'त्याने तिला धमकी दिली हे मी ऐकले.' या वाक्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात. त्याला विचारून घेतल्याशिवाय आपण 'हर्ड दॅट' लिहिले, तर प्रत्यक्ष साक्ष ऐकीव होऊन बसेल. आणि 'हर्ड हिम थ्रेटन' असे लिहिले, तर ऐकीव गोष्टीला प्रत्यक्ष साक्षीचा वेष चढेल. दोन्ही अनर्थ सारखेच.

दुसरा भाग विचार आणि ज्ञान सांगणाऱ्या क्रियापदांचा आहे. 'नो', 'रिअलाइज', 'डिस्कव्हर', 'रिग्रेट' ही क्रियापदे पुढील उपवाक्य खरे धरूनच चालतात, तर 'थिंक', 'बिलीव्ह', 'क्लेम', 'अलेज' ही ते खरे की खोटे याविषयी स्वतःला बांधून घेत नाहीत. त्याची परीक्षा नकाराने करावी. 'ही डिड नॉट क्लेम दॅट द फ्लॅट वॉज मॉर्टगेज्ड' यात सदनिका गहाण होती की नव्हती, हे खुले राहते. 'ही डिड नॉट नो दॅट द फ्लॅट वॉज मॉर्टगेज्ड' यात नकार आहे तो फक्त ठाऊक असण्याला. सदनिका गहाण होती, हे लिहिणाऱ्याने मान्य करून टाकले आहे. आता समजा, गहाणखत मुळात झालेच नाही असा आपल्या अशिलाचा बचाव आहे, आणि आपण उत्तरात सहज लिहून गेलात की त्याला गहाणाची माहिती नव्हती. बचावाचा अर्धा भाग आपणच सोडून दिला, आणि तोही एका क्रियापदापायी. 'रिग्रेट' तर सभ्यतेच्या नावाखाली आणखी सहज निसटते : 'माय क्लायंट रिग्रेट्स दॅट द पेमेंट वॉज डिलेड' या सौजन्यपूर्ण वाक्याने विलंबाची कबुली दिलेली असते.

निकालपत्रांचा सारांश करताना 'हेल्ड दॅट' आणि 'ऑब्झर्व्ह्ड दॅट' यांची अदलाबदल करू नये. न्यायालयाने ज्या मुद्द्यावर निर्णय दिला तेथेच 'हेल्ड' लिहावे. ओघात काढलेल्या उद्गारांसाठी 'ऑब्झर्व्ह्ड' आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा एखादा निवाडा आधार म्हणून दाखवताना आपण उद्गाराला निर्णयाचे स्थान दिले, तर प्रतिपक्षाचा वकील तेवढेच पकडेल. वकिलांचे म्हणणे 'सबमिटेड' किंवा 'कन्टेन्डेड', साक्षीदाराचे 'डिपोज्ड', आणि एखादा मुद्दा सोडून दिला असेल तरच 'कन्सीडेड'. 'अडमिटेड' हे क्रियापद तर साध्या 'सेड' च्या जागी केवळ विविधतेसाठी कधीही वापरू नये. शब्दांची पुनरुक्ती टाळावी, हा शालेय निबंधाचा नियम न्यायालयात उपयोगाचा नाही. तेथे दहा वाक्यांत दहा वेळा 'स्टेटेड दॅट' आले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

प्रश्न : मी एका इंग्रजी दैनिकाच्या संपादकीय विभागात आहे. जागा वाचवण्यासाठी 'दॅट' गाळण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. तो कितपत योग्य?
— एक उपसंपादक, रामदासपेठ

उत्तर : 'से', 'थिंक', 'नो' यांच्यासारख्या नित्याच्या क्रियापदांनंतर 'दॅट' गाळणे हे उत्तम इंग्रजी आहे, बोलण्यात तर तो बहुधा गाळलाच जातो. 'रिप्लाय' किंवा 'अनाउन्स' यांसारख्या क्रियापदांनंतर तो ठेवणे बरे, आणि नामानंतर, म्हणजे 'द न्यूज दॅट', 'द अलेगेशन दॅट' अशा रचनेत, तो ठेवावाच. पण बातमीच्या लेखनात काही जागा अशा येतात, की तेथे वाचवलेले चार अक्षरांचे स्थान फार महागात पडते.

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्याकडे भरते, तेव्हा असे वाक्य हमखास छापले जाते : 'द मिनिस्टर सेड ऑन मंडे द सेशन वुड बी एक्स्टेंडेड.' मंत्री सोमवारी बोलले, की अधिवेशनाची मुदत सोमवारी वाढणार? 'सेड ऑन मंडे दॅट' लिहिले की पहिला अर्थ, 'सेड दॅट ऑन मंडे' लिहिले की दुसरा. येथे 'दॅट' हा कुंपणाचा खांब आहे. तो कोणत्या बाजूला रोवला, त्यावर सोमवार कोणाच्या अंगणात जातो ते ठरते. दुसरी जागा अशी : 'द कोर्ट फाउंड द डॉक्युमेंट हॅड बीन फोर्ज्ड.' वाचक आधी 'न्यायालयाला कागद सापडला' असे वाचतो आणि वाक्याच्या मध्यावर येऊन मागे फिरतो. तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'द मिनिस्टर सेड द रोड वॉज अनसेफ अँड द कॉन्ट्रॅक्टर हॅड बीन पेड इन फुल.' कंत्राटदाराला पूर्ण रक्कम मिळाली, हे मंत्र्यांचे म्हणणे की आपल्या दैनिकाचे? 'अँड दॅट द कॉन्ट्रॅक्टर' असे लिहिले की तो आरोप मंत्र्यांच्याच नावावर राहतो. पहिला 'दॅट' गाळला असला तरी दुसरा गाळू नये.

याच संदर्भात 'इट इज सेड दॅट', 'इट इज बिलीव्ड दॅट' या रचनांविषयीही लिहितो. त्यांचा उचित उपयोग आहे. झीरो माइलचा स्तंभ भारताचा मध्यबिंदू दाखवतो, असे आपल्या शहरात सर्रास सांगितले जाते. ते लिहिताना 'इट इज पॉप्युलरली बिलीव्ड दॅट' लिहावे, कारण समजूत आहे हे खरे, आणि समजूत खरी आहे असे आपण म्हणत नाही. त्याच वाक्यात 'इट इज वेल नोन दॅट' लिहिले, तर तीच समजूत आपण स्वतःच्या जबाबदारीवर वस्तुस्थिती म्हणून छापलेली असते. मात्र जेथे सांगणारा ठाऊक आहे आणि त्याचे नाव देण्यास हरकत नाही, तेथे 'इट इज लर्न्ट दॅट' लिहिणे हा आळस आहे, आणि आपल्याकडील इंग्रजी बातम्यांत तो फार बोकाळला आहे.

प्रश्न : शाळेत पैसे हरवले. मी मुख्याध्यापकांना लिहिले, 'आय डाउट दॅट सम स्टुडंट हॅज टेकन द मनी.' त्यांनी ते वाचून, मग चौकशी कशाला, असे विचारले. तसेच 'आय थिंक ही विल नॉट कम' आणि 'आय डोन्ट थिंक ही विल कम' यांत योग्य कोणते?
— एक शिक्षिका, महाल

उत्तर : मराठीत 'मला शंका आहे की कोणीतरी पैसे घेतले' म्हणताना पैसे घेतले असावेत, याकडे आपला कल असतो. इंग्रजीत 'डाउट दॅट' चा कल नेमका उलट आहे : घेतले असतील असे मला वाटत नाही. मुख्याध्यापकांनी वाक्य बरोबर वाचले. आपल्याला 'आय सस्पेक्ट दॅट' म्हणायचे होते.

दुसऱ्या प्रश्नातील दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण इंग्रजी भाषक नकार बहुधा पुढे 'थिंक' वर आणून ठेवतो. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. 'तो येईल असे मला वाटत नाही' हे मराठी वाक्यही तसेच आहे. 'होप' ला मात्र ही सवय लावू नये : 'आय होप ही वोन्ट कम' म्हणतात, 'आय डोन्ट होप' म्हणत नाहीत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहावे लागते. 'इट वॉज रिझॉल्व्ड दॅट द मेंटेनन्स चार्ज विल बी इन्क्रीज्ड' या वाक्यावर एका सभासदाने आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एका संस्थेचे सचिव, लक्ष्मीनगर

उत्तर : आक्षेप रास्त आहे. ठराव म्हणजे भविष्याचे भाकीत नव्हे, म्हणून तेथे 'बी' हे मूळ रूप लिहितात : 'इट वॉज रिझॉल्व्ड दॅट द मेंटेनन्स चार्ज बी इन्क्रीज्ड.' मात्र त्याच इतिवृत्तात सभेत झालेली चर्चा भूतकाळात ठेवावी, आणि सभासदांची मते नोंदवताना 'फेल्ट दॅट' पेक्षा 'स्टेटेड दॅट' बरे, कारण सभासदाला मनात काय वाटले, याचे सचिव साक्षीदार नसतात. तो काय बोलला, याचे असतात. चर्चा आणि ठराव ही दोन वाक्ये निरनिराळ्या परिच्छेदांत लिहावीत. 'द सेक्रेटरी इन्फॉर्म्ड द मेंबर्स दॅट द लिफ्ट नीडेड रिपेअर्स' हे पहिल्या परिच्छेदात, आणि 'इट वॉज रिझॉल्व्ड दॅट द लिफ्ट बी रिपेअर्ड' हे दुसऱ्यात. इतिवृत्त पुढील सभेत कायम करण्यासाठी वाचले जाईल तेव्हा, लिफ्ट दुरुस्त करायचे ठरले होते की नुसते बोलणे झाले होते, यावर वाद होऊ नये.